खिडकीजवळचं टेबल

कामावरचे काका या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार हे कानावर आल्यापासून दातवालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पहाटेच डोळा उघडायचा आणि उघडला की काही केल्या मिटायचा नाही. मग ती उठून स्वयंपाकघरातले डबे खाली काढायची, पुसायची आणि होते तसेच परत लावायची. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि डब्यांच्या खडखडाटातही गाढ झोपायचा. एकदा त्यानं कूस बदलत विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, मग झोप. अशा सरळ माणसाशी संसार करायचा म्हणजे सोपं काम नाही.

दातवाली हे तिचं गल्लीतलं नाव. ती दात उपटायची नाही की भरायची नाही, ती दात बनवायची. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन ती काम करायची त्या लॅबकडे पाठवत आणि लॅबमधली मोजकी माणसं त्यावरून कॅप नाहीतर कवळी तयार करून परत धाडत. सासूबाईंची कवळी तिनं स्वतःच्या हातानं केलेली. इतके सुबक दात अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या तोंडात नव्हते, आणि त्याच दातांनी सासूबाई रोज सुनेचा उद्धार करायच्या. दातवालीला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. निदान शब्द स्पष्ट येतात, एवढं तिला समाधान होतं.

तर काका जाणार होते. काका म्हणजे लॅबचे मुख्य. कुठल्या डेंटिस्टचं काम कुणी करायचं, काय आधी, काय मागाहून, कुठला दात परत करायचा, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. आता त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न तिथे कुणी तोंडानं विचारत नसे. कारण त्या लॅबची एक रीतच पडून गेली होती. तिथे बढती कुणी कुणाला सांगत नसे. तिथे टेबल हलायचं.

लॅब म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला प्लास्टरची खोली, जिथून पांढरी धूळ दिवसभर बाहेर येत राहायची. दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी. त्या खिडकीतून ऊन कधी येत नसे, नुसता स्वच्छ, एकसारखा उजेड यायचा, आणि दाताचा रंग खरा कसा आहे ते त्याच उजेडात कळायचं. काकांचं टेबल त्या खिडकीला लागून होतं. आताच्या मालकांचे वडील, म्हणजे मोठे मालक, मितभाषी माणूस. त्यांनी एके दिवशी काकांना तिथे बसवलं आणि तेव्हापासून काका मुख्य झाले. तिथूनच सगळ्यांनी ओळखलं की इथे असंच असतं. टेबल खिडकीकडे सरकलं तर माणूस वर गेला. प्लास्टरकडे सरकलं तर त्यानं काय ते समजून घ्यावं. एकजण सुट्टीवरून परत आला तर त्याचं टेबल प्लास्टरच्या दाराशी. त्यानं शांतपणे डबा खाल्ला, हात धुतले आणि गेला, तो गेलाच. त्याला कुणी काही बोललं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

दातवाली याच खोलीत प्लास्टरच्या दारापासून सुरुवात करून एकेक टेबल पुढे येत खिडकीपासून दुसऱ्या जागेवर पोचली होती. हिशेब सरळ होता. पण लंबू आडवा आला होता. वयानं तिच्याहून बराच लहान, उंचीला दाराची चौकट पुरायची नाही असा, आणि बोलायला बिनधास्त. त्यानं कॉम्प्युटरवर दात डिझाइन करायचा कोर्स स्वतःच्या खर्चानं केला आणि केला हे प्रत्येकाला सांगितलं. एका दुपारी डबा खाताना तो सहज म्हणाला की मालकांना भेटून आलो, काकांची जागा मला द्या म्हटलं. सगळ्यांचे घास हातातच राहिले. जेवता जेवता शर्ट काढून बसावं तसं काहीतरी त्यानं केलं होतं. दातवालीला त्याची लाज वाटली, आणि त्यापेक्षा जास्त भीती.

संध्याकाळी तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. धाकटी विम्याच्या ऑफिसात होती, नोकऱ्या बदलत बदलत चांगली वर गेलेली. वर्षभरात आपण काय काय केलं हे साहेबाला जाऊन सांगायची तिला मुळीच लाज नव्हती. तिनं लंबूचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तू बोललीस का?"

"मी कशाला बोलू? एवढी वर्षं काम केलंय. डोळे आहेत त्यांना."

"डोळे आहेत गं. पण ते तुझ्याकडेच लागलेत असं कुणी सांगितलं तुला?"

दातवालीनं रागानं फोन ठेवला. मागायचं म्हणजे हात पसरायचा, असं तिचं पहिल्यापासूनचं मत. आणि मालकाच्या केबिनमध्ये जायला ती बिचकत होती त्याचं आणखी एक कारण होतं. ते धाकटीलाही माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. गेले काही महिने तिला रंग नीट कळत नव्हता. दातांच्या रंगाचे नमुने असतात, त्यांना शेड म्हणतात. पेशंटच्या इतर दातांशी जुळेल ती शेड बरोबर पकडायची हे या कामातलं मर्म. हल्ली शेजारशेजारच्या दोन शेड तिला सारख्याच दिसायच्या. ती पाणी प्यायच्या निमित्तानं दात मुठीत घेऊन दारापर्यंत जायची, बाहेरच्या उजेडात बघायची आणि तरी खात्री पटायची नाही. हे कुणाला कळलं तर टेबल कुठल्या दिशेला सरकेल ते तिला पक्कं ठाऊक होतं. आपलं चांगलं तेवढं लोकांनी न सांगता ओळखावं आणि वाईट तेवढं कुणाच्या नजरेस पडू नये, अशी आपली सगळ्यांचीच इच्छा असते. ती पुरी झाल्याचं मात्र कुणी ऐकलेलं नाही.

आणि मग एका सोमवारी ती लॅबमध्ये आली तर तिच्या जागेवर काका बसलेले. तिचे ब्रश, मेण तासायची सुरी, बर्नर, सगळं व्यवस्थित खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेलं. ती नुसती उभी राहिली. काकांनी मान वर न करता म्हटलं, "बस, बस. तिथे उजेड चांगला आहे." काकांचं बोलणं असंच असायचं, मोठ्यातली मोठी गोष्ट हवापाण्यासारखी सांगायची. ती बसली. पहिली अर्धी सकाळ तिनं सुरी उचलली आणि ठेवली, एवढंच काम केलं. अभिनंदन कुणी केलं नाही, तशी रीतच नव्हती. पण पॉलिश करणारी मुलगी चहा घेऊन आली ती सगळ्यांत आधी तिच्याकडे. लंबू दुपारी जेवला नाही.

घरी तिनं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, छान झालं, काय म्हणाले मालक? ती म्हणाली, म्हणायचं काय असतं त्यात. गणिताच्या माणसाला हे पटलं नाही, पण तो परत वह्या तपासायला लागला. सासूबाई मात्र लगेच शेजारी गेल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचली. आमची सून आता तिथली मुख्य, असं सांगताना त्या दिवशी कवळीचं सार्थक झालं.

आता तरी तिला स्वस्थता यायला हवी होती. उलट जास्तच तगमग सुरू झाली. मालक रोज समोरून जायचे, मान हलवायचे, बोलायचे काहीच नाहीत. मग तिनं स्वतःच कामाला सुरुवात केली. सकाळी आलेले साचे ती वाटून द्यायला लागली. कुणाचं काम कच्चं वाटलं तर परत करायला लागली. दोन डेंटिस्ट बरेच दिवस रुसून दुसऱ्या लॅबकडे गेले होते, त्यांना तिनं फोन केले, काय बिनसलं ते ऐकून घेतलं आणि त्यांचं काम परत आणलं. शेडचा प्रश्न आला की पॉलिशवाल्या मुलीला जवळ बोलवायची आणि शिकवत असल्याच्या थाटात विचारायची, सांग बघू, कुठली वाटते? मुलगी सांगायची. दातवाली थोडा विचार केल्यासारखं करून म्हणायची, बरोबर. कुणालाही संशय आला नाही. मुलीला तर वाटत होतं की ताई आपल्याला तयार करतायत, आणि खरं म्हणजे ती होतही होती.

लोक ऐकत होते, काम वेळेवर जात होतं. तरी ती घरी येऊन खुर्चीवर बसली की पाय हलत राहायचा. सासूबाई म्हणायच्या, पाय हलवू नकोस, मला गरगरतं. महिना संपत आला आणि अजून एक शब्द नाही. तिनं स्वतःची समजूत घातली की काका गेले की सांगतील.

एके दिवशी तिनं लंबूची एक कॅप परत केली. कडेला फट राहत होती, सगळ्यांना दिसत होती. लंबूनं कॅप घेतली, तिच्याकडे बघितलं आणि तडक केबिनमध्ये गेला. तासाभरानं मालकांनी तिला बोलावलं.

मालक तिच्याहून लहान, वडील गेल्यावर धंदा अंगावर पडलेला. कुणाला टाकून बोलणं त्यांच्या जिवावर यायचं. ते पेन उघडत मिटत बसले. मग म्हणाले की ताई, तुमचा हेतू चांगला आहे यात वाद नाही, पण इतरांचं काम तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुम्ही खिडकीजवळ बसवलंत ना मला," ती म्हणाली.

मालकांना काही कळलंच नाही. खिडकीचा इथे काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. ते थोडे घुटमळले, मग त्यांनी सांगून टाकलं. तीन डेंटिस्टनी तक्रार केली होती की ताईंच्या दातांचा रंग हल्ली चुकतो. ते काकांशी बोलले. काका म्हणाले, तिला काही बोलू नका, ती मनाला लावून घेईल, माझी जागा द्या तिला, तिथे उजेड आहे. म्हणून टेबल हलवलं. एवढंच.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती मूठ मिटून दारापर्यंत चकरा मारत होती. मालक पुढे काहीतरी म्हणत होते, लंबूनं काकांच्या जागेबद्दल विचारलंय, अजून ठरवलं नाही, असं काहीसं. त्या क्षणी तिला तोंड उघडता आलं असतं. तिनं मान डोलावली आणि बाहेर आली. कुणाकडे न बघता ती लॅबच्या मागच्या जिन्यावर जाऊन उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. काहीतरी हातात घेऊन भिंतीवर आपटावंसं वाटत होतं, आणि हातात काहीच नव्हतं.

काका मागोमाग आले. त्यांनी विचारलं, कळलं का. ती म्हणाली, हो.

"रागावलीस?"

"मला सांगायचं होतंत ना काका. सगळी गल्ली मला मुख्य समजून बसलीये."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता फार बरं वाटतंय."

काका कठड्याला टेकून उभे राहिले. तिच्या काही कॅप त्यांनी गुपचूप सुधारून पाठवल्या होत्या, तेही त्यांनी आता हळूच सांगितलं. त्यानं तिचा राग आणखी वाढला. निदान तुम्हाला तरी मोठ्या मालकांनी नीट सांगून खिडकीजवळ बसवलं होतं, असं ती म्हणाली. मला काय, उजेडासाठी बसवलंत.

काकांनी कठड्यावरची पांढरी धूळ बोटानं पुसली.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मला खोकला होता. प्लास्टरच्या धुळीनं. मोठे मालक म्हणाले, तिकडे खिडकीपाशी जाऊन बस, हवा येते. मी बसलो. दुसऱ्या दिवसापासून सगळे मला विचारून काम करायला लागले."

"म्हणजे तुम्ही मुख्य नव्हता?"

"कुणास ठाऊक."

"विचारलं नाहीत कधी?"

"विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते तर?" काका हसल्यासारखं करून म्हणाले. "म्हटलं, चाललंय ते चालू दे. पगार वाढायचा तेव्हा सगळ्यांइतकाच वाढायचा. पाटीवर नाव कधी आलं नाही. मोठे मालक गेले, मग तर विचारायला कुणी राहिलंच नाही."

सगळी लॅब ज्या टेबलाकडे बघून आपलं नशीब ओळखत आली होती ते टेबल एका खोकल्यापायी तिथे गेलं होतं. आणि हा माणूस रोज सकाळी त्या खुर्चीत बसताना मनात धाकधूक घेऊन बसत होता, आज कुणी ऊठ तर म्हणणार नाही ना. इतकी वर्षं. तिला त्यांची दया आली नाही, भीतीच वाटली. आपणही तीन आठवडे अगदी तेच करत होतो, आणि आपल्याला ते जमतही होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मोतीबिंदू आहे, वयाच्या मानानं लवकर आलाय, पण काढता येईल, घाबरण्यासारखं काही नाही. इतके दिवस कळलं नाही का, असंही त्यांनी विचारलं. दातवाली म्हणाली, कळलं होतं. संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, अगं, मला तरी सांगायचंस. हे वाक्य काल आपण दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या सकाळी ती मालकांकडे गेली. कुणी बोलावलं नसताना त्या केबिनमध्ये जायची तिची ही पहिलीच वेळ. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वेळेवर आठवलं नाही. तिनं आधी डोळ्यांचं सांगितलं, कारण तेच जास्त जड होतं. ऑपरेशन होईपर्यंत आपला प्रत्येक रंग पॉलिशवाली मुलगी तपासेल, तिला ते आता जमतं, हेही सांगितलं. मग ती थांबली.

"सर, काकांच्या जागी मला मुख्य व्हायचंय."

मालक म्हणाले की ताई, खरं सांगायचं तर असं पद आपल्याकडे कागदावर नाहीच. बाबांनी तसं कधी केलं नव्हतं. लंबूलाही मी हेच सांगितलं.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, नसेल तर करा."

तिला लंबूचं मनापासून कौतुक वाटलं, आणि तेवढाच रागही आला. ती म्हणाली की तो बरोबर बोलला, करा, आणि मला द्या. मालकांनी विचारलं, त्याला न देता तुम्हाला का? ती अडखळली. मग या तीन आठवड्यांत काय केलं ते सांगायला लागली. रुसलेले डेंटिस्ट, वेळेवर गेलेलं काम, परत केलेली कॅप. पहिली दोन वाक्यं इतकी दबकत आली की मालकांना पुढे वाकून ऐकावं लागलं. तिसऱ्या वाक्यापासून आवाज आपोआप सुटला. लंबूला डिझाइनमध्ये जेवढं कळतं तेवढं मला कधी कळणार नाही, हेही तिनं सांगितलं, कारण ते खरंच होतं. उठताना ती म्हणाली, "जे ठरवाल ते सगळ्यांसमोर, तोंडानं सांगा. मला नाही म्हणायचं असलं तरी. आणि काकांचंही सांगा. ते इथे काय होते ते."

मालक म्हणाले, विचार करतो.

ते पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. डबे पुसून पुसून त्यांच्यावरची नक्षी जायची वेळ आली. धाकटीचा फोन आला, तर मी बोलले, एवढंच तिनं सांगितलं आणि धाकटी पलीकडे चक्क गप्प बसली. लंबू समोरून जाताना तिच्याकडे बघायचा, ती त्याच्याकडे बघायची. आता दोघंही मागणारे होते, त्यामुळे पूर्वीसारखी नजर चुकवायचं कारण राहिलं नव्हतं.

काकांच्या शेवटच्या दिवशी दुपारी मालक खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. इतक्या माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, शर्टाची बाही ओढत होते. यंत्रं थांबली. ते म्हणाले की उद्यापासून लंबू डिझाइनचा वेगळा विभाग बघेल. लंबू मागणारा माणूस, रिकाम्या हातानं कसा परतेल. त्याची मान जराशी वर झाली, मग त्याला पुढचं काय असेल ते कळलं आणि तो खाली बघायला लागला.

"आणि काका इतकी वर्षं आपले मुख्य होते," मालक म्हणाले. "उद्यापासून त्या जागी ताई मुख्य."

पॉलिशवाल्या मुलीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दातवालीनं काकांकडे बघितलं. काका टाळ्या वाजवत नव्हते. ते मालकांकडे बघत होते, ऐकलेलं नीट ऐकलं ना याची खात्री करून घेत असल्यासारखे. मग ते तिच्याकडे वळले आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "म्हणजे मी होतो तर."

तिला त्यांचा असा काही राग आला की हात धरून गदागदा हलवावं. आणि त्याच रागानं तिचे डोळे भरून आले.